न्यूट्रिनो वाटेत ‘आधीच ठरलेला’ असतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाच्या तीन जाती असतात; त्यातला म्यूऑन जातीचा न्यूट्रिनो वाटेत दुसऱ्या जातीचा होतो हे मान्य, पण कुठल्याही क्षणी तो कुठला तरी एक असणारच, आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच.

हे ‘एवढंच’ तपासता येतं. लेगेट आणि अनुपम गर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्यासाठी एक असमानता मांडली. न्यूट्रिनो म्यूऑन जातीचा असेल तर +१, नसेल तर −१ धरा. तीन वेळांच्या किमती घ्या. पहिली गुणिले दुसरी, अधिक दुसरी गुणिले तिसरी, वजा पहिली गुणिले तिसरी. आठही शक्यता कागदावर मांडून बघा, उत्तर १ किंवा −३ येतं. मग सरासरी तरी १ च्या वर कशी जाईल?

क्वांटम सिद्धांतात जाते. तिथे (दोन जाती पूर्णपणे एकमेकींत मिसळतात असं धरलं तर) प्रत्येक गुणाकाराची सरासरी ही त्या दोन वेळांच्या कलेतल्या (फेज, म्हणजे जात बदलण्याच्या चक्रातला कोन) फरकाची कोसाइन असते. पहिली ते दुसरी आणि दुसरी ते तिसरी वेळ, हे दोन्ही टप्पे ६० अंशांचे घ्या, म्हणजे पहिली ते तिसरी १२० अंश: ०.५ + ०.५ − (−०.५) = १.५.

अडचण अशी, की न्यूट्रिनो एकदा पकडला की संपला. त्याला तीनदा कोण बघणार? एमआयटीच्या फॉर्माजिओ, कायझर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर छान तोडगा काढला, तोही मायनॉस या न्यूट्रिनो-प्रयोगाची तयार मोजमापं वापरून. त्यात अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेतून निघालेला न्यूट्रिनोंचा झोत ७३५ किमीवर मिनेसोटातल्या सूडान खाणीत (देश नव्हे!) पोचायचा. अंतर कायम, पण कला अंतर भागिले ऊर्जेवर ठरते. म्हणजे कमी ऊर्जेचा न्यूट्रिनो हा जणू जास्त वेळ चाललेला. साधारण ४.३ जीईव्हीला (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) कला ६० अंश, शंभरातले ७५ म्यूऑन जातीचेच राहतात, २.१ च्या आसपास १२० अंश, उरतात २५. वरच्या बेरजेला हेच आकडे लागतात: ७५ टक्के +१ आणि २५ टक्के −१ म्हणजे सरासरी ०.५, उलट असेल तर −०.५. त्यांच्या विश्लेषणात १ ची मर्यादा सहा सिग्मांहून जास्त खात्रीने मोडली, म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नगण्य.

आता तुमच्या बाजूने एक मुद्दा. ‘जणू’ या शब्दात बरंच काही दडलंय. सगळे न्यूट्रिनो एकसारखे तयार झाले, आणि बदल फक्त मधल्या कालावधीवर अवलंबून असतो, हे इथे गृहीत धरलंय. मला ते पटतं. पण हट्टी वास्तववाद्याने (‘न्यूट्रिनो आधीच ठरलेला असतो’ म्हणणाऱ्याने) नेमकं तेच नाकारलं, तर या आकड्यांनी त्याचं तोंड बंद करता येत नाही.