भिंतीवर कुर्डी

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या साळावली धरणात बुडालेल्या कुर्डी गावचे, आता वालकिणीत राहतो. सभागृहाच्या भिंतीवर गाव रंगवायचा आहे. मुलगा म्हणतो, अमेरिकेत पुलाच्या खांबांवर असं केलंय. खरं का, ताई?
— एक वाचक, सांगे

उत्तर : खरं आहे, भाऊ. न्यू ऑर्लिन्सच्या क्लेबॉर्न अ‍ॅव्हेन्यूवर मधोमध ओक वृक्षांच्या रांगा होत्या. दोन्हीकडे कृष्णवर्णीयांची घरं-दुकानं, मार्दी ग्राला (तिथला कार्निव्हल) सगळी वस्ती त्या सावलीत. १९६६ मध्ये झाडं तोडली, वरून महामार्ग नेला. २००२ मध्ये खांबांवर चित्रं काढायला घेतली. बाहेरच्या खांबांवर चक्क ओकच. सावली गेली ती गेलीच, पण जागा बोलती झाली.

तुम्ही मात्र नुसता गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा चेहरा काढून थांबू नका. (त्या कुर्डीच्या, अभिमान आहेच.) कुणाचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) कुठं, विहीर कुठं, देवळाशेजारून चॅपलकडे वाट कशी जायची, ते काढा. घरांची नावं लिहा.

आणि ऑइल पेंट नको! मी शाळेत काढलेलं चित्र दोन पावसाळ्यांत शेवाळानं गिळलं. आपली कावी करा : चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर, ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. काम दिवाळीनंतर काढा.

त्याआधी मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर जुन्या गावात सोमेश्वराच्या देवळाकडे जमताच ना? वही न्या. म्हाताऱ्यांना आपापल्या जोत्यावर उभं करा आणि विचारा, चूल कुठल्या कोपऱ्यात होती.