स्थलांतर आणि वारसा यातून घडलेला सिरॅमिक आर्टिस्ट म्हणजे नेमकं काय? वारसा भांड्यात दिसतो कुठे?

मला पहिलं नाव आठवतं ते मॅग्डलीन ओडुंडो यांचं, केनियात जन्मलेल्या आणि इंग्लंडला जाऊन मातीत काम करू लागलेल्या आर्टिस्ट. मी मालवणच्या बाजूला छोटा स्टुडिओ चालवते, मे महिन्यात चाकरमानी येतात आणि हमखास विचारतात, "कोकणचं काहीतरी दाखवा ना", म्हणजे मगवर होडी, माड नाहीतर वारली. खपतं, मी पण करते, पोटाचा प्रश्न आहे. पण वारसा म्हणजे वर काढलेलं चित्र असं डोक्यात धरून ओडुंडोंचं काम बघाल तर काहीच सापडणार नाही, कारण त्यावर चित्र नाही आणि ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, तो पण नाही.

बाई जन्मल्या १९५० ला नैरोबीत, लहानपणीची शाळा थोडी भारतात थोडी केनियात, १९७१ ला इंग्लंडला गेल्या त्या ग्राफिक आर्टसाठी, माती नंतर आली. आता गंमत बघा, आफ्रिकेतली हाताने भांडं उभं करायची रीत शिकायला त्या १९७४-७५ ला इंग्लंडहून गेल्या नायजेरियात, अबुजाच्या पॉटरी सेंटरला, जे मायकेल कार्ड्यू नावाच्या इंग्रजाने सुरू केलं होतं आणि जिथे लादी क्वाली काम करायच्या (त्यांचं चित्र आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे, कुंभारकाम करणारी बाई नोटेवर, आपल्याकडे होईल का असं?). केनिया कुठे, नायजेरिया कुठे, खंडाच्या दोन बाजू. पुढे न्यू मेक्सिकोत सॅन इल्डेफोन्सोला जाऊन तिथल्या मूळनिवासींची काळी चकचकीत भांडी कशी बनतात तेही बघितलं. म्हणजे वारसा त्यांना आयता मिळाला नाही, घर सोडल्यावर त्यांनी तो शोधून गोळा केला, आणि त्यातला बराचसा दुसऱ्यांचा.

तो दिसतो करण्याच्या पद्धतीत. चाक नाही. मातीच्या गोळ्यातून भिंत वर ओढायची, त्यावर मातीच्या वळ्या चढवत जायचं, खरवडून पातळ करायचं, गाळलेल्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि दगडाने घोटत बसायचं, चकाकी येते ती या घोटण्याची. मग आग. हवा मोकळी असेल तर मातीतल्या लोहामुळे भांडं लाल-केशरी होतं, तेच परत भाजताना लाकडाचा भुसा वगैरे घालून हवा कोंडली की काळं. आपल्या जांभ्याचा लाल रंगपण लोहाचाच, आणि आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) धूर कोंडला की मडकं काळं पडतं हे इथल्या कुठल्याही कुंभाराला विचारा. म्हणून ही भांडी कोकणातल्या माणसाला परकी वाटू नयेत असं मला वाटतं, तिखलं मातीच्या भांड्यात खाल्लेल्याला तर नाहीच.

आणि मडकी फिरतातच हो. रायगडातलं जुनं बंदर चौल, तिथल्या उत्खननात चिनी पोर्सेलीनचे तुकडे मिळालेत, पश्चिम आशियातल्या निळसर-हिरव्या ग्लेझच्या भांड्यांचेही. तेव्हा "अस्सल आमचं" असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मी जरा गप्पच बसते.

ब्रिटिश म्युझियमकडे ओडुंडोंची भांडी आहेत, ऑनलाइन फोटो मिळतील. बघताना काठ बघा, बऱ्याचदा एका बाजूला झुकलेला असतो. आणि एकाच भांड्यावर लाल-काळा दोन्ही रंग असलेलं दिसलं तर तिथे थांबा, आत हवा कुठे पोचली आणि कुठे नाही ते त्यावर सरळ वाचता येतं.