पुनर्वापरयोग्य, पुनरुपयोगी की फेरवापराचे?

मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या रॉकेटचा फलक करताना तुम्ही अडलात ते इथे: एका बातमीत ‘पुनर्वापरयोग्य रॉकेट’, दुसरीत ‘पुनर्वापरक्षम’, तिसरीत ‘पुनरुपयोगी’. फलकावर कोणतं लिहायचं? शिवाय यान वातावरणात परत शिरतं त्याला ‘पुनर्प्रवेश’ म्हणायचं की ‘पुनःप्रवेश’?

‘पुनरुपयोगी’ची संधी चोख आहे आणि हिंदीत तो चालतोही. पण मराठीत ‘उपयोगी’ म्हणजे उपयोगाला पडणारा. उपयोगी पुस्तक, उपयोगी माणूस. म्हणून ‘पुनरुपयोगी’ वाचताना मला मधल्या काळात निरुपयोगी होऊन पुन्हा कामाला आलेली वस्तू दिसते. रॉकेटबद्दल आपल्याला ते म्हणायचं नाही.

‘क्षम’ मला इथे पटत नाही. कार्यक्षम कर्मचारी म्हणतो तेव्हा काम तो कर्मचारीच करतो, ताकद त्याच्या अंगातली असते. रॉकेट वापर करत नाही, ते वापरलं जातं. तिथे ‘योग्य’च हवा: खाण्यायोग्य, राहण्यायोग्य. आपला ‘जोगा’ हा या ‘योग्य’चाच घरगुती अवतार, त्यामुळे ‘पुन्हा वापरण्याजोगे’ हेही तितकंच बरोबर आणि कानाला अधिक मऊ.

पण ‘योग्य’ हा निवाडा असतो. घर राहण्यायोग्य आहे हे कुणीतरी आत जाऊन पाहिल्यावर ठरतं. स्टारशिपच्या बाबतीत हा निवाडा कुठवर आला आहे ते बघा. खाली 33 इंजिनांचा सुपर हेवी बूस्टर, म्हणजे सगळ्याला वर ढकलणारा भाग, वर 6 इंजिनांचं यान, मिळून 120 मीटरांहून उंच. दोन्ही भाग परत आणून पुन्हा उडवायचे हा बेत. 20 एप्रिल 2023 रोजी टेक्सासमधल्या बोका चिकाहून पहिल्यांदा सगळं एकत्र उडालं आणि सुमारे चार मिनिटांत नष्ट झालं. 27 मे 2025 च्या नवव्या उड्डाणात मात्र जानेवारीत उडून परत आलेलाच बूस्टर पुन्हा उडाला. त्याच्या 33 इंजिनांपैकी 29 आधी वापरलेली होती. परतीच्या वाटेवर तो नष्ट झाला, पण पुन्हा वापरता येतो हे त्या दिवशी ठरलं. वरच्या यानाचं तसं नाही. 13 ऑक्टोबर 2025 पर्यंतच्या अकरा उड्डाणांत ते कधी वाटेतच फुटलं, कधी समुद्रात उतरलं. एकदा उडालेलं यान दुसऱ्यांदा उडालेलं नाही.

म्हणून मला ‘फेरवापराचे रॉकेट’ आवडतं. ही षष्ठी हेतू सांगते, निकाल नाही. रोजच्या वापराची भांडी, पावसाळ्याचे बूट. बूट पावसात टिकले की नाही हा प्रश्न वेगळा, ते कशासाठी आहेत एवढंच त्या ‘चे’त आहे. आणि ‘फेर’ हा फिरणे, फेरी, फेरा या घरातला, मराठीत पक्का मुरलेला. फेरविचार, फेरतपासणी, फेरमोजणी, फेरमतदान: संस्कृत शब्द असो वा मराठी, तो कुणाशीही जमवून घेतो. शिवाय ‘पुनर्वापर’ आता कचऱ्याच्या डब्यांवरही लिहिलेला असतो आणि तिथे पुष्कळदा अर्थ असतो प्लॅस्टिक वितळवून त्याचं दुसरंच काही करणं. बूस्टर वितळवत नाहीत. तोच, तसाच, तपासून आणि लागेल ते बदलून पुन्हा उभा करतात. मुलांना हा फरक कळलाच पाहिजे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक शब्द फलकावर हवाच: झेलणे. 13 ऑक्टोबर 2024 च्या पाचव्या उड्डाणात साधारण 71 मीटर उंचीचा बूस्टर इंजिनांच्या जोरावर वेग कमी करत खाली आला आणि उड्डाणतळावरच्या मनोऱ्याच्या दोन प्रचंड हातांनी त्याला अधांतरीच धरलं. बातम्यांत ‘पकडला’ आलं. पकडायला चोरही चालतो, बसही. वरून येणारी गोष्ट जमिनीला टेकण्याआधी हातात घेणं याला आपल्याकडे झेलणे हे नेमकं क्रियापद आहे, अंगणातल्या चेंडूमुळे ओळखीचं. ते हाताशी असताना दुसरं का घ्यावं?

आता ‘पुनःप्रवेश’. मूळ शब्द पुनर्. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की र टिकतो: पुनर्जन्म, पुनर्वसन, पुनरागमन. पुढे क किंवा प आला की विसर्ग: अंतर्गत पण अंतःपुर, त्याच चालीने पुनःप्रवेश, पुनःप्रक्षेपण. च आला तर पुनश्च. नियमाने पाहिलं तर ‘पुनर्प्रवेश’ चूक आहे. मात्र नियम अगदी काटेकोर लावायचा तर ‘पुनर्रचना’ही ‘पुनारचना’ होईल, आणि तसं मराठीत कुणी लिहीत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या लेखातला ‘पुनर्प्रवेश’ मी खोडणार नाही; स्वतः लिहिताना विसर्ग देईन. चौथ्या उड्डाणात, 6 जून 2024 ला, यानाचा एक पंख वातावरणात शिरताना जळत गेला, तरी ते हिंदी महासागरात हळुवार उतरलं. त्या चित्राखाली ‘वातावरणात परत शिरताना’ असं लिहिलंत तर विसर्गाचा प्रश्नच उरत नाही, आणि पाचवीतल्या मुलालाही कळेल.

शीर्षकात ‘स्टारशिप: फेरवापराचे रॉकेट’ लिहा. बूस्टरच्या चित्राखाली ‘झेलला, तपासला, पुन्हा उडवला’. यानाच्या चित्राखाली ‘परत आणून पुन्हा उडवायचे आहे’.