आधी फटी बुजवा, मग हीटरचं बोला

थंडी दाराशी आली की दरवर्षी तेच प्रश्न नव्या हस्ताक्षरात येतात. कुठला हीटर, किती वॅटचा, खिडकीला काय लावायचं, आणि शेवटी जाता जाता, ‘रात्री खोलीत शेगडी ठेवली तर चालेल ना?’ घरातली उष्णता कुठून गळते ते शोधणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे बऱ्याच प्रश्नांना एक वाक्य पुरतं. शेगडीवाल्यांची मात्र आज सुटका नाही.

प्रश्न : ऑइल हीटर, हॅलोजन, ब्लोअर, सिरॅमिक. सर्वांत कमी वीज खाणारा कोणता? दुकानदार म्हणतो, ऑइल हीटर निम्म्या विजेत तेवढीच ऊब देतो.

दुकानदाराला माल खपवायचा आहे. तार किंवा पट्टी तापवून चालणारा कुठलाही हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. जास्त नाही, कमी नाही. हजार वॅटचा हीटर तासभर पूर्ण चालला की एक युनिट, मग तो कितीही महागाचा असो. फरक आहे तो उष्णता पोचवण्याच्या तऱ्हेत. हॅलोजन समोर बसलेल्या माणसाला शेकतो, खोलीला नाही. एकट्याने टेबलापाशी काम करायचं असेल तर तो पुरतो. ब्लोअर हवा झटपट तापवतो आणि बंद केला की ती तितक्याच झटपट निवते. ऑइल हीटर हळू तापतो, हळू निवतो, आवाज करत नाही. तुम्ही खोली कशी वापरता ते बघून निवडा आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी सोय, असलेलाच घ्या.

सॉकेटमध्ये खोचायच्या चिमुकल्या हीटरची जाहिरात हल्ली फार दिसते. ‘अख्खं घर उबदार, वीज नावाला.’ तो उलटा करून वॅट वाचा. चारशे लिहिलं असेल तर चारशे वॅटचीच ऊब मिळेल.

प्रश्न : आमच्या एसीला ‘हीट’ मोड आहे. तो लावला तर बिल दुप्पट होईल अशी भीती वाटते.

उलट आहे. असा एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली खेचून आत आणतो. त्यामुळे साधारण थंडीत एका युनिटला तीनच्या आसपास युनिट उष्णता मिळते. बाहेर जितका कडक गारठा, तितका हा फायदा घटतो. फिल्टर धुवा आणि मगच चालवा. काही एसींच्या रिमोटवर हे बटण असतं, यंत्रात सोय नसते. मॉडेलचं माहितीपत्रक बघा किंवा सर्विसवाल्याला विचारा.

प्रश्न : हीटर एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर चालतो का?

नाही.

कारण हवं असेल तर : दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, तोही तासन् तास. बारीक वायर, ढिला सॉकेट आणि वर टाकलेली सतरंजी, एवढं आगीला पुरतं. हीटर थेट भिंतीतल्या, त्याच्या क्षमतेच्या सॉकेटलाच लावा. सॉकेट काळवंडलेलं किंवा पिन हाताला गरम लागत असेल तर हीटर बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, खर्च जेमतेम करता येईल. काय केलं तर सर्वांत जास्त फरक पडेल?

फटी. लोक हीटरवर हीटर घेतात आणि दाराखालून वारा येतच राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साधा हिशेब करा. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल तर ते नव्वद चौरस सेंटिमीटरचं भोक झालं. भिंतीत तेवढं भोक दिसलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. दाराखाली असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही.

वारा असलेल्या दिवशी पंखे बंद करा आणि पेटलेली उदबत्ती पडद्यांपासून जपत खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे वाकडा होईल तिथे खडूने खूण करा. चौकटीला चिकटपट्टीचा फोम चालतो, पण तो एकदोन हिवाळ्यांत दबून निकामी होतो. रबरी पट्टी थोडी महाग, पण टिकते. दाराखाली ब्रशची पट्टी लावा, तीही नको असेल तर जुन्या चादरीची घट्ट वळकटी ठेवा. पॅकिंगचा फुगेवाला प्लास्टिक कागद काचेला पाण्याने चिकटवण्याची युक्ती खरी आहे, कारण त्यात अडकलेली हवा उष्णतेला अडवते. काचेतून बाहेरचं दिसणार नाही, तेवढं सोसा. पडदे जाड आणि खालपर्यंत असू द्या. उन्हाच्या बाजूचे दिवसा सताड उघडे, आणि सूर्य मावळला की सगळे बंद. हीटरपासून मात्र पडदा, पांघरूण, कागद, सगळं किमान एक मीटर लांब.

आणि संबंध घर तापवू नका. एक खोली निवडा, तिची दारं बंद ठेवा, पलंग बाहेरच्या भिंतीपासून सरकवा, फरशीवर जाजम घाला.

दोन गोष्टी बुजवायच्या नाहीत. आग लागल्यास जिथून बाहेर पडाल ती खिडकी, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा गॅस गीझरजवळची कायमची झरोक्याची जाळी. ती जाळी तिथे का आहे ते पुढे सांगतो.

प्रश्न : चार मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घातली की खोली गरम होते, असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

नाही. कुंडी उष्णता बनवत नाही, मेणबत्त्यांची आहे तेवढीच साठवते. छोट्या चपट्या चार मेणबत्त्या मिळून दीडशे वॅटही देत नाहीत. खोलीत दोन माणसं नुसती बसली तरी साधारण तेवढी ऊब तयार होते. शिवाय कुंडीखाली मेण अतितप्त होऊन भडकू शकतं. व्हिडिओ बनवणाऱ्याला प्रेक्षक मिळाले, तुम्हाला आग मिळेल.

प्रश्न : आम्ही रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतो. धूर पूर्ण गेल्यावरच आत आणतो, शेजारी पाण्याचं भांडं असतं, खिडकी बोटभर उघडी असते. इतकी वर्षं काही झालं नाही. यंदा खिडक्यांना पट्ट्या लावल्या आहेत. काही धोका आहे का?

आहे, आणि तो जिवाचा आहे. आज रात्रीपासून बंद करा, मग पुढचं वाचा.

कोळसा पुरेशा हवेशिवाय जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर गेला म्हणजे विषही गेलं, हा समज सगळ्यांत घातक. निखारे लाल, निर्धूर, सुंदर दिसत असतात तेव्हाही हा वायू भरपूर निघत असतो. किंबहुना धूर असता तर तुम्ही खोकत बाहेर तरी आला असता.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपाय गळतात. लोक म्हणतात सर्दी-ताप आला, आणि दार लावून पुन्हा झोपतात. झोपलेल्याला तर एवढीही सूचना मिळत नाही.

आता ऐकीव उपाय एकेक घेऊ. पाण्याचं भांडं : हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे भांड्याने हवा थोडी दमट होईल, इतकंच. ओलं फडकं : तेच. कुंडीतलं झाड : काही उपयोग नाही. ‘वायू खाली बसतो, आम्ही पलंगावर झोपतो’ : तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि सगळीकडे मिसळतो. बोटभर खिडकी : वारा कुठून वाहतो, शेगडी किती पेटली आहे, खोली केवढी आहे, यावर सगळं अवलंबून, आज निभावलं म्हणून उद्या निभावेल याची हमी नाही. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. आजवर घराच्या फटी तुम्हाला वाचवत होत्या. यंदा त्या तुम्ही बुजवल्या. फटी बुजवणं चांगलं, पण बंद खोली आणि उघडा जाळ ही जोडी कधीच जमवायची नाही. कोळसा घरात नकोच, खिडकी उघडी असली तरीही.

हाच नियम धुराडं नसलेल्या गॅस हीटरला, खोली तापवायला पेटवून ठेवलेल्या स्वयंपाकाच्या गॅसला, कोंडलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरला आणि वीज गेल्यावर दारात लावलेल्या जनरेटरला. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून चांगला लांब. गीझरजवळची जाळी याचसाठी असते. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी, फडफडणारी ज्योत दिसली किंवा काजळी धरू लागली तर उपकरण बंद करून गॅसच्या जाणकार मेकॅनिकला दाखवा. ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

घरात कुठलंही जळणावर चालणारं उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, झोपायच्या खोलीजवळ लावा आणि त्याची मुदत तपासा. आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. धुराचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणायची परवानगी मिळाली, असं कृपा करून समजू नका.

घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, बाहेर गेल्यावर बरं वाटलं आणि परत आल्यावर पुन्हा सुरू झालं, तर संशय याच वायूचा घ्या. सगळ्यांना बाहेर काढा, रुग्णवाहिका बोलवा, कारण शोधायला आत जाऊ नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो : तो या वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन प्राणवायूचं समजून ९८ दाखवू शकतो. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

प्रश्न : हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे डाग येतात. बुरशीरोधक रंग लावला, दोन महिन्यांत परत आले.

येणारच, रंगाने पाणी थांबत नाही. वीस अंशाच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं, दहा अंशाला नऊच्या आसपास. खोलीतली उबदार हवा गार कोपऱ्याला टेकली की जादाचं पाणी तिथेच सुटतं. हे पाणी येतं कुठून? आत वाळत घातलेले कपडे, उघडं आधण, अंघोळ, आणि धुराडं नसलेला गॅस हीटर. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी हवेत येतं. कपडे बाहेर वाळवा, अंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवा, दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या पाचदहा मिनिटं पूर्ण उघडा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती निवत नाहीत. डाग पावसातही वाढत असतील तर गळती असू शकते. तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरांच्याही कानावर घाला.

प्रश्न : हीटर दिवसभर मंद ठेवणं स्वस्त, की लागेल तेव्हा लावणं?

लागेल तेव्हा. आत-बाहेरच्या तापमानातला फरक जितका, तितकी उष्णता गळते. रिकामं घर गरम ठेवणं म्हणजे बाहेरची हवा तापवणं. नळ गोठण्याइतकी थंडी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : भिंतीला ‘थर्मल पेंट’ लावून घर गरम राहतं असं कंपनीचा माणूस सांगतो. की छताला आतून थर्मोकोल चिकटवू?

उष्णता अडवायला जाडी लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या रंगाने भिंतीतून होणारी गळती नावापुरतीच घटते. त्या माणसाकडून जाडी आणि उष्णतारोधाचा आकडा लेखी मागा. तो पुन्हा फोन करणार नाही. छताचा विचार बरोबर आहे, घर वरच्या मजल्यावर असेल तर पहिला खर्च तिथेच करावा. पण उघडा थर्मोकोल कधीही नको. तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो. त्यावर आग रोखणारा बोर्ड हवा, आणि मध्ये ओल साचू नये याची व्यवस्थाही. हे घरच्या घरी करायचं काम नाही, जाणत्या इंजिनीअरला विचारा.

प्रश्न : घरात म्हातारी आई आणि सहा महिन्यांचं बाळ आहे. खोली किती अंशावर ठेवू? दोघांना गरम पाण्याची पिशवी देते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरासाठी किमान १८ अंश सुचवले आहेत. वृद्ध आणि बाळांसाठी त्याहून थोडं अधिक लागू शकतं. भिंतीवर साधा थर्मामीटर टांगा, अंदाजावर जाऊ नका. बाळाजवळ पिशवी अजिबात नको, सुटी जड पांघरुणंही नकोत. कपड्यांचे थर द्या आणि बाकीचं बालरोगतज्ज्ञांना विचारा. आईंना मधुमेह असेल तर पायाला चटका बसला तरी कळेलच असं नाही. पिशवीने अंथरूण आधी गरम करा आणि त्या झोपण्यापूर्वी काढून घ्या. उकळतं पाणी भरू नका, जुनी तडकलेली पिशवी फेकून द्या.

प्रश्न : गेल्या वर्षीचा हीटर काल लावला, जळका वास आला. टाकून देऊ का?

तहान लागल्यावर विहीर खणायची सवय. हे थंडीआधी बघायचं असतं, तेव्हा मेकॅनिकलाही वेळ असतो. बहुधा तापणाऱ्या भागावर बसलेली धूळ जळत असेल. पिन काढा, हीटर पूर्ण निवू द्या, मऊ ब्रशने धूळ झटका आणि खिडकी उघडी ठेवून, समोर थांबून दहा मिनिटं चालवा. वास गेला तर वापरा. प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा वास आला, ठिणगी दिसली किंवा वायर कडक झालेली असेल, तर पिन काढून ठेवा आणि दुरुस्तीवाल्याने बघेपर्यंत पुन्हा लावू नका.