शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे बघा

गाडीत अँड्रॉइड सेट (टचस्क्रीनवाली म्युझिक सिस्टीम) बसवल्यापासून दोन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो आणि सर्व्हिस सेंटर 35 एएचची (अ‍ॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) नवी बॅटरी टाका म्हणतंय, हे तुमचं वाचून राहवलं नाही. इतक्यात टाकू नका. याच सल्ल्यावर मी बॅटरी बदलली आणि नवीही महिन्याभरात उतरली.

उतरलेली बॅटरी तशीच टेस्टरला लावली तर तो ती खराब दाखवू शकतो. आधी पूर्ण चार्ज करायची, रात्रभर काढून ठेवायची. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर मगच लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ते बघणं. काउंटरवर एवढंही कुणी करत नाही, बिल मात्र लगेच फाडतात. याचा राग अजून गेलेला नाही.

खरा संशयित सेट आहे. स्क्रीन काळी झाली म्हणजे सेट बंद झाला असं नसतं. किल्ली फिरवताच दोन सेकंदांत होम स्क्रीन येते का? मग तो झोपला होता, बंद नव्हता. खरंच बंद झालेल्या सेटला उठायला वीस-तीस सेकंद सहज लागतात. सिमवाल्या सेटमध्ये मोडेमही (इंटरनेट जोडणारा भाग) जागा राहू शकतो.

बंद गाडी किती करंट खाते ते मोजायचं असेल तर मल्टिमीटर 10 अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर, निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची केबल यांच्या मध्ये. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, नाहीतर गाडीचे स्वतःचे कंट्रोलर जागे असतात आणि आकडा फसवतो. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, त्याचा फ्यूज जाईल. 50 मिलीअ‍ॅम्पिअरच्या आत असेल तर ठीक. 350 दिसले तर 48 तासांत जवळपास 17 एएच गेले, म्हणजे तुमची अर्धी बॅटरी.

आता सेटच्या पिवळ्या वायरवरचा (कायम वीज देणारी) फ्यूज काढा. आकडा कोसळला तर चोर सापडला. मग फ्यूज परत लावून सेटच्या 'फॅक्टरी सेटिंग' मेनूमध्ये स्लीप किंवा क्विक बूट बंद करा. तरीही फरक नसेल तर लाल वायर तपासा. ती किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरच हवी. फिटर घाईत ती पिवळीलाच जोडतात. रंगांवर विसंबू नका, मीटरने खात्री करा.

हे साध्या 12 व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपुरतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर स्वतः हात घालू नका.

आणि सेटमधलं सिम काढूनच टाका. नकाशे-गाण्यांना फोनचा हॉटस्पॉट पुरतो.