गोदाकाठची जुनी सागवानी नाव: फटी कशाने भरायच्या?

थोडक्यात सांगायचं तर उन्हाळा सरेपर्यंत फटींना हात लावू नका, आणि फायबर तर अजिबात मारू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: पूल झाल्यावर बंद पडलेली गावची जुनी सागाची नाव देवळामागे उताणी पडून आहे. तळाच्या दोन फळ्या कुजल्या आहेत, बाकी फळ्यांत बोट जाईल अशा फटी आहेत. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो, बाहेरून फायबरचा थर देऊ, शंभर वर्षं बघायला नको. तुम्हाला ती पुन्हा पाण्यात उतरवायची आहे. मी गंगाखेडकडचा सुतार. वाडे, माळवदं, चौकटी हे आमचं रोजचं काम, पण नदीकाठी राहतो म्हटल्यावर नावेची कामंही अधूनमधून येतातच.

लाकूड पाणी पिऊन लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, पण तोही ओल्याचा पुरता वाळेपर्यंत आडव्या कापात, म्हणजे वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, साधारण पाच टक्के आकसतो आणि उभ्या कापात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, त्याच्या निम्मा. आता हिशेब करा. नऊ इंची फळी नुसती दोन टक्के आकसली तरी साडेचार मिलिमीटरची फट पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि हवेत ओल नावाला नसते, त्यात वर्षानुवर्षं पडलेल्या नावेला फटी पडणारच. त्या फटींत आत्ता इपॉक्सी किंवा भुसा-फेविकॉल कोंबलं, तर पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. मग त्या एकमेकींना रेटतात, खिळे उपटतात, नाहीतर आतल्या फासळ्या तडकवतात. फायबरचंही तेच. हलत्या फळ्यांवर ताठ कवच टिकत नाही. एक बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, वाळायला वाट मिळत नाही आणि बाहेरून चकचकीत दिसणारी नाव आतून भुसभुशीत होते.

म्हणून सुरुवात टेक्यांपासून. नाव दगडांवर आडवीतिडवी टेकलेली असेल तर मधून खचली असणार. कण्याखाली, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाखाली, आणि दोन्ही कडांना लाकडी ठोकळे देऊन ती हळूहळू, रोज थोडी, सरळ करा. सुतळी ताणून, ओळंबा सोडून मापं घ्या आणि दर दोन फुटांवर आतल्या आकाराचे प्लायचे साचे कापून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खचलेल्या आकारावरून नवी फळी कापली तर ते खचणं कायमचं होऊन बसतं.

मग वर सावली करा आणि आतून-बाहेरून ओली गोणपाटं टाका. पावसाळ्यात हे काम आपोआप सोपं होतं. घाईने नावेत पाणी मात्र भरू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि नदीत बाहेरून मिळणारा आधार इथे नसतो. काही आठवड्यांनी बऱ्याच फटी मिटतील. ज्या उरतील त्या खऱ्या फटी.

कूज शोधायला टोचा घ्या. फासळीखालची जागा, फळ्यांची टोकं, खिळ्यांभोवतीचा काळा भाग, सगळीकडे टोचून बघा. समुद्राच्या पाण्यातलं मीठ बुरशीला आवर घालतं. आपल्या नावेत साचतं ते पावसाचं गोडं पाणी, शिवाय काळ्या मातीतली वाळवी आहेच. त्यामुळे वरून ठणठणीत वाटणारी फळी खालून गेलेली सापडते. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, त्यापुढे करवत नेऊ नका. जुनी फळी जितकी राहील तितकी राहू द्या.

नव्या तुकड्याचा जोड तिरका घ्या, जाडीच्या निदान आठपट लांब. म्हणजे एक इंची फळीला आठ इंचांचा उतार. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. लाकडासाठी पडलेल्या माळवदाच्या तुळया शोधा. तसा जुना, दाट रेषांचा साग वखारीत सहसा मिळत नाही. पण रंधा लावण्याआधी त्यातले खिळे काढा, आणि वापरण्याआधी त्यालाही थोडी ओल घेऊ द्या, कारण घरातलं लाकूड फार कोरडं असतं. फासळी बदलायची असेल तर सरळ लाकूड कापून वक्र काढू नका, लाकडाच्या तंतूंची रेषा तुटते. नांगराला निवडतात तसा बाभळीचा वाकडा फाटा निवडा, म्हणजे रेषा वक्राबरोबर चालते. वाफेवर वाकवायचं तर इंचाला साधारण तासभर वाफ लागते, पण वाळलेला जुना साग नीट वाकत नाही.

खिळे सगळे एकाच धातूचे ठेवा. तांबं आणि लोखंड ओलीत एकमेकांना लागले की लोखंड गंजून जातं.

आणि उरलेल्या खऱ्या फटींत आपला कापूस. सैल पीळ देऊन बोथट पटाशीने ठोकायचा, पण फळ्या फाकतील इतका नाही. वरून उकळलेलं जवसाचं तेल आणि खडूची मऊ पुट्टी. ती दबते आणि फळीबरोबर हलते, एवढंच तिच्याकडून हवं आहे.

गावात कुणी म्हणेल, इतकी वर्षं कोरडी पडलेली नाव काय तरणार? ऑस्ट्रेलियात एचुका गावी ‘अॅडलेड’ नावाची १८६६ सालची लाकडी वाफेची नाव आहे. ती वीसेक वर्षं बागेत कोरडी मांडून ठेवली होती. १९८० च्या दशकात तिची दुरुस्ती करून ती पुन्हा नदीत चालू केली.

उतरवायच्या दिवशी ती गळेलच, घाबरू नका. उथळ पाण्यात दोरांनी बांधून ठेवा, पंप जवळ असू द्या आणि माणसं बसवू नका. लोक बसवून फिरवायची असेल तर तपासणी आणि परवानगी आधी. दोन-तीन दिवसांत गळती ओसरायला हवी. नंतरही एकाच जागी धार लागत असेल तर नाव काठावर घ्या आणि तेवढ्याच जागेचा कापूस काढून नव्याने ठोका.