खरी बातमी छापली तरी अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो का?

होतो. शिक्षा होईलच असं नाही, पण खटला होतो. गावच्या पाणी योजनेतला घोळ छापायचा म्हणताय आणि "खरं आहे तर भ्यायचं कशाला" असं विचारताय. मी कराडला 19 वर्षं साप्ताहिक काढतोय, म्हणून सांगतो.

फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. पूर्वीचं दंड संहितेचं कलम 499, आता न्याय संहितेचं 356. त्यातला पहिला अपवाद म्हणतो: मजकूर खरा हवा आणि तो छापण्यात लोकहितही हवं. योजनेच्या पैशात लोकहित आहेच. सरपंचाच्या घरातल्या भांडणात ते दाखवताना घाम फुटेल. दिवाणी दाव्यात मात्र सत्य शाबीत झालं की पुरतं. आणि "पोलीस उचलून नेतील" या धमकीला भिऊ नका. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे वॉरंटशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत; फिर्याद थेट मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते.

खरी अडचण पुराव्याची. आगरकर आमच्या शेजारच्या टेंभूचे. 1882 मध्ये त्यांनी आणि टिळकांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी बर्व्यांवर लिहिलं, ज्या पत्रांवर विसंबले ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती, पण कोर्ट हेतू बघत नाही, कागद मागतं.

माझंच सांगतो. एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी वकिलाकरवी नोटीस धाडली. माझ्याकडे लेखापरीक्षण अहवालाची शिक्क्याची नक्कल होती; एक पानी उत्तर दिलं, पुढे काही आलं नाही. दुसऱ्यांदा एका ठेकेदाराबद्दल छापलं. माहिती देणारे पाचजण, चहाच्या टपरीवर सगळे वाघ. नोटीस आल्यावर एकेक करून "भाऊ, आमचं नाव नको" म्हणाले. पहिल्या पानावर दिलगिरी छापावी लागली. बातमी खरीच होती, आजही म्हणतो.

तेव्हा आधी माहिती अधिकारात कामाच्या मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती सरकारी वही) आणि बिलांची प्रमाणित प्रत मागा. अर्जाला दहा रुपये, तीस दिवसांची मुदत. सरपंचांचं म्हणणं लेखी विचारा, उत्तर आलं तर तेही छापा. आणि मथळ्यात 'चोर' लिहू नका. किती मीटर पाइप बिलात आहे आणि किती जमिनीत, एवढंच लिहा.